हुडहुडी भरली तर उद्याची वाट बघू नका : डायलिसिस, किडनी ट्रान्सप्लांट आणि जंतुसंसर्ग

(पॉडकास्टच्या या भागात जे बोलले, त्याचा हा लिखित मजकूर. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती थोडी काढली आहे, भाषा मात्र बोलण्याचीच ठेवली आहे.)

 

ज्यांच्या घरात कुणीतरी डायलिसिसवर आहे किंवा कुणाची किडनी बदलली आहे, त्यांच्यासाठी आजचा भाग आहे. बाबा असतील, आत्या असेल, मामा असेल, नाहीतर शेजारचे काका. आणि मी बोलणार आहे ते महाड-पोलादपूर डोळ्यांसमोर ठेवून. मुंबईत राहणाऱ्यांनो, तुम्हीही ऐका. गणपतीला आणि शिमग्याला तुम्ही गावी येताच, आणि एखाद्या घरात औषधांची पिशवी सांभाळत येणारा पेशंटही असतो.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. इथे ऐकलेलं डॉक्टरांच्या सल्ल्याच्या जागी वापरू नका. पण डॉक्टरांकडे कधी धावायचं, हे घरातल्या माणसालाच ठरवावं लागतं. तेवढ्यासाठी आजची ही वीसेक मिनिटं.

सगळ्या भागाचा गाभा एका वाक्यात सांगते. डायलिसिसच्या किंवा ट्रान्सप्लांटच्या पेशंटला थंडी वाजून ताप आला, तर तो साधा ताप आहे असं धरून चालायचं नाही. फोन त्याच दिवशी करायचा, त्याच तासाला करायचा. बाकी सगळं मी हे का म्हणते ते समजावण्यासाठी.

किडनीच्या पेशंटला जंतू इतके का छळतात?

किडनी रक्त गाळते हे शाळेत शिकलो. ती काम करेनाशी झाली की रक्तात घाण साठते, आणि त्या घाणीत आपल्या पांढऱ्या पेशीही मंदावतात. त्या जागेवर असतात, पण लढायला सुस्त. त्यात बऱ्याच पेशंटना डायबेटीस असतो. पथ्यापायी, भूक मेल्यामुळे खाणं कमी झालेलं असतं, अंगात ताकद नसते. म्हणजे राखणदार झोपाळू आणि उपाशी.

त्यात डायलिसिससाठी दरवेळी रक्तापर्यंत वाट उघडावी लागते. हिशेब करून बघा. आठवड्याला तीन डायलिसिस, प्रत्येक वेळी दोन सुया. वर्षाला ३१२ वेळा कातडी टोचली जाते. आपली कातडी म्हणजे शरीराचं कुंपण. ते वर्षाला तीनशेहून जास्त वेळा उघडायचं आणि आत काही शिरू द्यायचं नाही, अशी ही कसरत आहे.

डायलिसिसच्या पेशंटमध्ये मृत्यूच्या कारणांत हृदयविकाराच्या खालोखाल जंतुसंसर्गाचा नंबर लागतो. अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०२३ साली सांगितलं की स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाचा जंतू रक्तात शिरण्याचा धोका डायलिसिसच्या पेशंटला इतर प्रौढ माणसांच्या शंभर पट आहे. हा जंतू कुठून बाहेरून येत नाही. तुमच्या-माझ्या नाकात, कातडीवर तो असतो आणि एरवी काही करत नाही. वाट मिळाली की मात्र आत जातो.

मानेतली नळी की हातातला फिस्टुला?

ही वाट दोन-तीन प्रकारची असते. त्यातली कोणती आहे यावर पुढचं बरंच काही ठरतं.

पहिली म्हणजे कॅथेटर. मानेच्या, कधी जांघेच्या मोठ्या शिरेत घातलेली नळी. अचानक डायलिसिस सुरू करावं लागलं की हीच घालतात, कारण ती लगेच वापरता येते. यातही दोन प्रकार. एक थोड्या दिवसांची, आणि दुसरी कातडीखालून बोगद्यासारखी नेऊन छातीवर बाहेर काढलेली, जिला आपल्याकडे सगळे परमकॅथ म्हणतात. दोन्हींचं एक टोक बाहेर हवेत असतं आणि दुसरं थेट हृदयाजवळ.

दुसरी वाट म्हणजे फिस्टुला. हाताची धमनी आणि शीर छोट्या ऑपरेशनने एकमेकांना जोडतात. शीर फुगते, जाड होते आणि सुया घेण्याजोगी बनते. १९६६ साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी ही पद्धत जगापुढे मांडली आणि आजही तिच्यापेक्षा चांगली वाट सापडलेली नाही. कारण साधं आहे. सगळं कातडीच्या आत. दोन डायलिसिसच्या मधल्या दिवसांत बाहेर काही लटकत नाही, त्यामुळे जंतूंना शिरायला जागा कमी.

मग सगळे फिस्टुलाच का करत नाहीत? कारण तो तयार व्हायला सहा ते आठ आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. आणि आपल्याकडे माणूस किडनीच्या डॉक्टरांकडे पोचतो तोच धाप लागून, अंगावर सूज येऊन. तेव्हा सहा आठवडे कुठून आणणार? नळी घालतात. जीव वाचतो. मग 'आता चाललंय ना बरं' म्हणून ती नळी महिनोन्‌महिने तशीच राहते. कॅथेटर तात्पुरतं होतं, याचा घरच्यांना विसर पडतो.

म्हणून घरात नळीवाला पेशंट असेल तर पुढच्या डायलिसिसला एकच प्रश्न विचारा: 'फिस्टुला कधी करायचा?' खर्चाचा प्रश्न असेल तर हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला गाठा. आज जिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणतात, ती २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आधी आठ जिल्ह्यांत सुरू झाली, आणि त्या आठांत आपला रायगड होता. डायलिसिस त्यात बसतं. बाकी काय बसतं ते विचारून घ्या.

आणि ज्यांच्या किडन्या हळूहळू बिघडत आहेत, डायलिसिस अजून लांब आहे, त्यांनी आत्तापासून एक हात जपायचा. साधारणपणे डावा, म्हणजे जो कमी वापरात तो. त्या हाताला सलाईन नको, रक्त काढणं नको. गावाकडे थोडं अशक्त वाटलं की 'एक सलाईन लावून घेऊ' म्हणायची सवय आहे. तिथेच पुढच्या फिस्टुलाची शीर खराब होते. आणि ज्याला लघवीच होत नाही त्याच्या अंगात सलाईनचं पाणी जाणार कुठे? फुप्फुसात.

नळी असेल तर घरी काय सांभाळायचं

भराभर सांगते. नळीवरची पट्टी कोरडी राहिली पाहिजे. अंगावर तांब्याने पाणी ओतून आंघोळ नको, अंग पुसून घ्यायचं. नदीत, विहिरीवर, पऱ्यात उतरणं पूर्ण बंद. पावसात स्कूटरवरून सेंटरला जाताना छाती-मान झाकेल असा रेनकोट हवा, आणि पट्टी भिजली तर पोचल्याबरोबर सांगायचं. घरी कुणीही नळीची टोपणं उघडायची नाहीत. दुसऱ्या दवाखान्यात कुणी 'यातूनच रक्त काढतो' म्हणालं तर नम्रपणे नाही म्हणायचं. ती नळी फक्त डायलिसिससाठी आहे.

सेंटरमध्ये नळी जोडताना आणि काढताना पेशंटच्या आणि सिस्टरच्या, दोघांच्या तोंडावर मास्क हवा. नळीचं तोंड जंतुनाशकाने घासून पुसायला हवं. हे आपण बघू शकतो, विचारू शकतो. 'सिस्टर, मास्क राहिला बहुतेक,' एवढं म्हणायला लाजायचं कारण नाही. कामाच्या गर्दीत माणूस विसरतो.

फिस्टुला असेल तर डायलिसिसला बसण्याआधी तो हात साबणाने स्वच्छ धुवायचा. रोज सकाळी त्यावर बोटं ठेवून आतली थरथर लागते का बघायचं. त्या हाताला बीपीचा पट्टा नाही, घट्ट बांगड्या नाहीत, त्या हातावर डोकं ठेवून झोपायचं नाही. लाल झाला, दुखला, पू दिसला तर त्याच दिवशी दाखवायचं.

हुडहुडीचा अर्थ काय?

नळीतल्या संसर्गाची एक खूण आहे. मशीन सुरू झालं, अर्धा-पाऊण तास झाला आणि पेशंटला हुडहुडी भरली. दात वाजायला लागले, दोन चादरी टाकल्या तरी थांबेना. मग ताप. कधी हे डायलिसिस संपल्यावर घरी येताना एसटीत होतं.

असं का? नळीच्या आतल्या बाजूला जंतूंचा पातळ थर जमतो. घराच्या पाइपात शेवाळ धरतं ना, तसा. डायलिसिस सुरू झालं की नळीतून मिनिटाला अडीचशे-तीनशे मिलिलिटर रक्त धावतं आणि त्या थरातले जंतू सरळ रक्तात लोटले जातात. म्हणून थंडी मशीनवर असतानाच वाजते.

यावर घरी पॅरासिटामॉल दिली तर ताप उतरतो आणि सगळ्यांना वाटतं, बरं झालं. जंतू तिथेच असतात. ते रक्तातून हृदयाच्या झडपांवर जाऊन बसतात, मणक्यात जातात. नळी असलेल्या पेशंटची कंबर किंवा पाठ तापाबरोबर दुखायला लागली तर ते 'वजन उचललं असेल' म्हणून सोडायचं नाही.

यावर डॉक्टर सगळ्यात आधी ब्लड कल्चर करतात. रक्ताचा नमुना बाटलीत घालून त्यात कोणता जंतू वाढतो आणि कोणत्या औषधाने मरतो ते बघतात. हा नमुना अँटिबायोटिकच्या आधी घेतला तर उत्तर नीट मिळतं. घरी चार गोळ्या खाऊन मग गेलं, तर जंतू लपून बसतो आणि डॉक्टरांना अंधारात औषध द्यावं लागतं. उपचार दोन आठवड्यांपासून सहा आठवड्यांपर्यंत चालू शकतात. नळी काढून नवीन घालावी लागू शकते.

आणखी एक लक्षात ठेवा. या पेशंटना ताप दरवेळी भरभरून येत नाही. त्यांचं अंग एरवीच थोडं गार असतं. ट्रान्सप्लांटवाल्यांना स्टेरॉइड चालू असतं, ते ताप दाबून ठेवतं. म्हणून थर्मामीटरवर १००.४ दिसेपर्यंत थांबायचं नाही. माणूस सुस्त झाला, असंबद्ध बोलतोय, बीपी खाली गेलंय, श्वास जलद चाललाय, तर ताप नसला तरी निघायचं.

मशीनमधलं पाणी

याबद्दल फार कुणी बोलत नाही. एका डायलिसिसला साधारण १२० लिटर शुद्ध केलेलं पाणी लागतं. आपण आठवड्यात पितो त्याच्या कितीतरी पट. ते रक्तापासून फक्त एका बारीक पडद्याने वेगळं असतं. म्हणून सेंटरमध्ये आरओ प्लांट असतो आणि त्याचे पाइप, टाक्या वेळच्या वेळी जंतुमुक्त कराव्या लागतात.

हे किती गंभीर असू शकतं ते ब्राझीलच्या कारुआरू शहरात १९९६ साली दिसलं. दुष्काळाचे दिवस, टँकरने आणलेलं पाणी, ते पुरेसं शुद्ध केलेलं नव्हतं. त्यात नील-हरित जंतूंचं विष होतं. एकाच सेंटरमधले ५० हून जास्त पेशंट दगावले. आपल्याकडेही मे महिन्यात टँकर येतात आणि जुलैत पुराचं गढूळ पाणी येतं, म्हणून सांगितलं. एकाच दिवशी एकाच सेंटरमध्ये तीन-चार जणांना थंडी वाजली, तर संशय पाण्यावर घ्यायचा आणि तिथल्या लोकांना स्पष्ट विचारायचं. चांगलं सेंटर पाण्याच्या तपासणीची नोंद ठेवतं.

ट्रान्सप्लांट झालं, आता सुटलो?

नवीन किडनी बसली की माणसाला दुसरा जन्म मिळाल्यासारखं होतं. पाणी पिता येतं, खाता येतं, कामावर जाता येतं. पण शरीराने ती किडनी परकी म्हणून झिडकारू नये, यासाठी रोगप्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम खाली ठेवावी लागते. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन ही नावं तुम्ही घरच्या डब्यावर वाचली असतील. ती रोज, ठरलेल्या वेळी, किडनी चालू आहे तोवर.

पहिल्या महिन्यात जखमेचा, लघवीच्या नळीचा, हॉस्पिटलमधल्या जंतूंचा त्रास जास्त. एक ते सहा महिन्यांत औषधांचा जोर सगळ्यात जास्त असतो, तेव्हा एरवी दुबळे असलेले जंतूही डोकं वर काढतात. त्यासाठी डॉक्टर काही महिने कोट्रायमोक्सॅझोलसारखी प्रतिबंधक गोळी देतात. ती 'ताप तर नाही, मग कशाला' म्हणून बंद करायची नाही. सहा महिन्यांनंतर धोका उतरतो, संपत नाही.

यात सगळ्यात जास्त दिसणारा जंतुसंसर्ग म्हणजे लघवीचा. जळजळ, वारंवार लघवी, ताप, आणि ओटीपोटात ज्या बाजूला नवी किडनी बसवली आहे तिथे दुखणं. असं झालं की लगेच फोन. उलट, कसलाच त्रास नाही आणि फक्त रिपोर्टमध्ये जंतू दिसले, तर सुरुवातीचे एक-दोन महिने सोडता प्रत्येक वेळी अँटिबायोटिक लागतंच असं नाही. उगाच दिलं तर पुढच्या वेळी जंतू त्या औषधाला दाद देत नाही. निर्णय तुमच्या ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांचा.

दुसरा आपल्या देशातला मोठा विषय टीबी. डायलिसिस आणि ट्रान्सप्लांट, दोन्ही पेशंटना टीबीचा धोका वाढलेला असतो, आणि तो फुप्फुसातच असेल असं नाही. गाठीत, पोटात, मणक्यात असू शकतो. त्यामुळे खोकला नसला तरी दोन आठवडे बारीक ताप, वजन उतरणं, रात्री घाम असं असेल तर तपासणी करायची. टीबीवरचं रिफॅम्पिसिन हे औषध टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी इतकी खाली आणतं की शरीर किडनी झिडकारू शकतं. म्हणून टीबीची औषधं किडनीच्या डॉक्टरांना कळवल्याशिवाय सुरू करायची नाहीत.

'मेडिकल'मधून आणलेली गोळी

हा भाग खास तुमच्यासाठी, कारण गाडीला किक मारून मेडिकलमध्ये तुम्हीच जाता. 'काकांना ताप आहे, काहीतरी द्या.' दुकानदार देतो. चांगल्या मनानेच देतो. पण त्याला काकांची किडनी बदललेली माहीत नसते.

क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन ही घशासाठी दिली जाणारी साधी अँटिबायोटिक. ती टॅक्रोलिमसची पातळी एकदम वाढवतात, आणि वाढलेलं टॅक्रोलिमस किडनीलाच मारतं. बुरशीवरची फ्लुकोनॅझोलची गोळी, तीच गत. जेंटामायसिन, अमिकासिनची इंजेक्शनं किडनीला आणि कानाला त्रास देऊ शकतात. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या दुखण्याच्या गोळ्या किडनीवर घाव घालतात. आणि चांगलं अँटिबायोटिकसुद्धा किडनी बंद असताना नेहमीच्या डोसमध्ये दिलं तर अंगात साठतं. काही औषधांनी पेशंट बडबडायला लागतो, झटके येतात, आणि घरच्यांना वाटतं बाहेरचं काहीतरी झालं. मग देवऋषी. त्यात दोन दिवस जातात.

म्हणून नियम एकच: किडनीच्या पेशंटसाठी नवीन गोळी आणायची तर आधी किडनीच्या डॉक्टरांना विचारायचं. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवून विचारलं तरी चालतं, पण विचारायचं.

लावणी, चिखल आणि पूर

आता आपल्या मातीकडे येऊ. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूरवरून महाडला येते. पाऊस घाटात पडतो आणि पाणी बाजारपेठेत शिरतं. २२ जुलै २०२१ ला काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. महाड पाण्याखाली, तळियेत दरड, पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीत दरडी.

पुराच्या पाण्यात उंदरांचं, गुराढोरांचं मूत्र मिसळतं आणि त्यातून लेप्टो होतो. मुंबईत २६ जुलै २००५ च्या पुरानंतर लेप्टोची मोठी साथ आली होती. पायाची छोटी चीरही त्या जंतूला पुरते. ताप, पोटऱ्या ठणकणं, डोळे लाल, आणि मग लघवी कमी होणं. लेप्टो धडधाकट माणसाची किडनीसुद्धा बंद पाडतो. यात दिलासा इतकाच की वेळेवर उपचार झाले तर बऱ्याच जणांच्या किडन्या परत चालू होतात. थोडे दिवस डायलिसिस लागलं तरी ते कायमचंच असतं असं नाही.

दुसरा मातीतला जंतू कमी ओळखीचा आहे. त्याच्या आजाराला मेलिऑइडोसिस म्हणतात. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी रंगूनमध्ये तो पहिल्यांदा ओळखला गेला. भातशेतीचा चिखल आणि पावसाळी पाणी हे त्याचं घर. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर, विशेषतः उडुपी-मंगळुरूकडे, त्याचे बरेच पेशंट सापडतात. डायबेटीस आणि किडनीचा आजार असलेल्यांना तो जास्त गाठतो, आणि दिसतो टीबीसारखा. म्हणून डॉक्टरांना 'लावणीला चिखलात होते' हे आवर्जून सांगा. त्या एका वाक्याने तपासणीची दिशा बदलू शकते.

आता खरा प्रश्न. ट्रान्सप्लांट झालेला माणूस लावणीला उतरणार का? आपल्याकडे शेत असताना घरात बसणं जिवावर येतं, हे मला समजतं. पण चिखलात उतरायचं नाही. बांधावर उभं राहून चार शब्द सुनावता येतील, तेवढी मुभा आहे. गोठ्यात जावंच लागलं तर गमबूट, हातमोजे, आणि जखम असेल तर अजिबात नाही. धारोष्ण दूध नाही, दूध उकळूनच. पाणी उकळून गार केलेलं. पुराच्या पाण्यात जाणं टळलंच नाही तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा, लेप्टोसाठी प्रतिबंधक गोळी घ्यायची का, कोणती, किती.

रस्ता बंद झाला तर?

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला. घाटात दरड आली की पोलादपूरची वरची गावं दोन-दोन दिवस तुटतात. किडनीचे डॉक्टर बहुतेकांचे मुंबई, नवी मुंबई किंवा पुण्यात. मग तापाचा पेशंट घरात असताना काय करायचं?

मोठ्या हॉस्पिटलची वाट बघत घरी बसायचं नाही. जवळचं ग्रामीण रुग्णालय, तेही नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्र गाठायचं. तिथे पोचून आपल्या किडनीच्या डॉक्टरांना फोन लावायचा आणि फोन तिथल्या डॉक्टरांच्या हातात द्यायचा. ब्लड कल्चर घेता आलं तर उत्तम. ते शक्य नसेल तर त्यापायी अँटिबायोटिक रखडायला नको. पहिला डोस आणि बीपी सांभाळणं हे जवळच होऊ शकतं, पुढचं १०८ च्या गाडीतून.

लहान केंद्रात काय होणार, असं म्हणणाऱ्यांना याच मातीतलं उदाहरण देते. डॉ. हिंमतराव बावस्कर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करत होते तेव्हा विंचूदंशाने लोक पटापट दगावत होते. त्यांनी पेशंटशेजारी बसून अभ्यास केला, प्राझोसिन ही साधी गोळी वेळेवर दिली तर जीव वाचतो हे दाखवलं, 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. विंचवाचे मृत्यू कमी झाले ते जवळच्या केंद्रात, वेळेत उपचार मिळायला लागले म्हणून. तापाचंही तेच गणित आहे.

आणि रस्ता बंद म्हणून डायलिसिस चुकणार असेल, तर पाणी मोजून, मीठ कमी, आणि केळी, शहाळं, टोमॅटो, बटाटा टाळायचे. शहाळं आजाऱ्याला चांगलं म्हणून पाहुणे घेऊन येतात. या पेशंटला त्यातलं पोटॅशियम घातक ठरतं. हवामान खात्याचा रेड अलर्ट आला की आदल्या दिवशीच सेंटरला फोन करून विचारा, 'उद्याचं आज करता येईल का?'

मोबाईल आहे ना हातात?

मग पाच कामं आजच करा. एक, पेशंटच्या सगळ्या औषधांच्या पट्ट्यांचा आणि शेवटच्या डिस्चार्ज कार्डाचा फोटो काढून घरातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवा. दोन, किडनीचे डॉक्टर, डायलिसिस सेंटर, जवळचं रुग्णालय हे नंबर सेव्ह करा, आणि कागदावर लिहून दाराच्या मागे चिकटवा, कारण पुरात चार्जिंग आणि रेंज दोन्ही जातात. तीन, थर्मामीटर आणि बीपीचं मशीन घरात हवं. पॅरासिटामॉल देण्याआधी ताप मोजून आकडा आणि वेळ लिहा. चार, ट्रान्सप्लांटची औषधं पावसाळ्यात किमान दोन आठवड्यांची शिल्लक, प्लॅस्टिकच्या घट्ट डब्यात. पाच, लसींबद्दल विचारा. हिपॅटायटिस बी, न्यूमोनिया आणि दरवर्षी फ्लूची लस या पेशंटना डॉक्टर सुचवतात. जिवंत जंतूंच्या लसी ट्रान्सप्लांटनंतर चालत नाहीत.

तुमचे दोन प्रश्न

गेल्या आठवड्यात विषय सांगितला होता, त्यावर बरेच मेसेज आले. दोन घेते.

पोलादपूरकडच्या एका ताईंनी विचारलंय, सेंटर लांब आहे, घरी पोटाचं डायलिसिस करता येतं का? येतं. पोटात नळी बसवतात आणि पिशवीतलं पाणी दिवसातून तीन-चार वेळा घरीच आत-बाहेर करायचं असतं. प्रवास वाचतो. पण हात धुणं, मास्क, स्वच्छ बंद खोली यात एक दिवसही ढिलाई चालत नाही. बाहेर येणारं पाणी गढूळ दिसलं, पोट दुखलं, तर ती जंतुसंसर्गाची खूण. पिशवी फेकायची नाही, सोबत घेऊन डॉक्टरांकडे जायचं. सगळ्यांना ही पद्धत जमेलच असं नाही, पण विचारण्यासारखी नक्की आहे.

दुसरा प्रश्न एका कॉलेजच्या मुलाचा. 'बाबांचं ट्रान्सप्लांट झालंय. मला सर्दी झाली की मी त्यांच्या खोलीत जायचं नाही का?' मास्क लाव, हात धू, आणि दोन-चार दिवस लांबून बोल. बाबांच्या किडनीच्या आजाराची तुला लागण होत नाही, तुझ्या सर्दीची मात्र त्यांना होते. पण त्यांना एकटं पाडू नकोस. बरेच पेशंट सांगतात, आजारापेक्षा सगळे लांब राहतात त्याचा जास्त त्रास होतो.

तर मंडळी, आज इतकंच. तुमच्या ओळखीत डायलिसिसवरचा किंवा ट्रान्सप्लांट झालेला एक तरी माणूस असेल. हा भाग दहा ग्रुपवर टाकण्यापेक्षा त्याच्या घरात औषधं सांभाळणाऱ्या माणसाला पाठवा, आणि नंतर फोन करून विचारा, 'दारामागे नंबर चिकटवलेस का?'

प्रश्न असतील तर मेसेज करा. काळजी घ्या. भेटू पुढच्या भागात.